बेरिटच्या खुणा

आरशात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचा पंजा उघडा होता... म्हणून मी मागे येतच राहिले.

चौतीस फुटांची घरगाडी मागे घेणं हे दोघांचं काम. एकानं स्टिअरिंगच्या चाकापाशी बसायचं, दुसऱ्यानं मागे उभं राहून हातांनी सांगायचं. अकरा वर्षं बाबा चाकावर असत आणि आई – बेरिट – मागे. त्यांची आपली भाषा होती. मिटलेली मूठ म्हणजे थांब. उघडा पंजा म्हणजे अजून पाच फूट – बोटं पाच, फूट पाच.

त्या सप्टेंबरात चाकावर मी होते, बाबा शेजारच्या खुर्चीत पट्टा लावून बसले होते आणि मागे कुणीच नव्हतं. वायोमिंगमध्ये, जिलेट गावाच्या जत्रेच्या मैदानावर घरगाड्यांचा मेळा भरला होता. आमच्या जागेत मी इंच-इंच मागे सरकत होते, तेवढ्यात कुठूनसा तो धावत आला आणि आरशात उभा राहिला. पंजा दाखवला. मी पाच फूट मागे गेले. त्यानं घाईघाईनं दुसराही पंजा उघडला. आणखी पाच.

खाडकन आवाज झाला. पाण्याचा नळ मोडला आणि कारंजं उडालं. मी उतरून पळत मागे गेले, तर तो नखशिखांत भिजून उभा. दोन्ही पंजे अजून तसेच उघडे.

"थांबा म्हणत होतो ना!"

"कधी? दहा फूट म्हणालात तुम्ही!"

"दहा फूट? हे..." त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. "याला जगभर थांबा म्हणतात, बाई."

"आमच्या घरी नाही म्हणत."

"मग तुमच्या घरी थांबा कसं म्हणतात?"

मी मूठ दाखवली.

"अच्छा. आमच्या घरी याला भांडण म्हणतात." पापण्यांवरचं पाणी पुसत तो हसला. मी हसले नाही... म्हणजे, हसले असते. पण खिडकीतून बाबांनी डोकं बाहेर काढलं.

"बेरिट! लागली का गं गाडी?"

"लागली, बाबा," मीच ओरडून सांगितलं.

"बेरिट कुठाय?"

"मागे आडवी झालीय जरा. डोकं दुखतंय तिचं."

मागचा दरवाजा उघडाच होता. आतला पलंग त्याला दिसत होता. चादर ताणलेली, वर कुणी नव्हतं. त्यानं एकदा पलंगाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. खाली बसून त्यानं मोडक्या नळाच्या तोंडावर आपला तळहात दाबून धरला आणि म्हणाला, "मी टोबिन. तुम्ही जाऊन मुख्य तोटी बंद करा. तोवर मी आहे इथे." "लिनिया," मी पळता पळता माझं नाव सांगितलं.

आई एप्रिलात गेली. बाबांना त्याआधीच विसरण्याचा आजार जडला होता. ती गेल्यावर त्यानं वेग घेतला. "बेरिट कुठाय" असं विचारायचे. मी खरं सांगायचे आणि दर वेळी ती बातमी त्यांना पहिल्यांदा कळायची. दर वेळी जागच्या जागी खाली बसायचे. नंतर मी खोटं बोलायला शिकले. आता आई कधी आडवी असायची, कधी दुकानात गेलेली.

एक ऑक्टोबरपासून डुलुथच्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी खोली धरली होती. त्याआधी मला एक काम उरकायचं होतं. पलंगावरच्या कपाटात आईच्या राखेचा डबा होता आणि आईच्या लॅपटॉपमध्ये, नकाशाच्या प्रोग्राममध्ये, बिगहॉर्न डोंगरातल्या एका तळ्याकाठी तिनं लावलेलं टिंब होतं. त्याखाली तीन शब्द – "इथे. आर्विडच्या हातून." आर्विड म्हणजे बाबा. बाबा ते तळं ओळखतील, हातातलं काय आहे ते त्यांना कळेल, असे दिवस आता थोडेच उरले होते. आणि वर डोंगरात बर्फ कधीही पडला असता.

अडचण एवढीच की ते टिंब लॅपटॉपमध्ये होतं आणि लॅपटॉप हे मांडीवर घेऊन वाचायचं यंत्र. आई वाचायची, बाबा चालवायचे. मी एकटी काय काय करणार?

मेळ्याच्या फलकावर दुसऱ्या दिवशीच्या वर्गांची यादी होती. सकाळी दहा वाजता – लॅपटॉप की जीपीएसची डबी. मी गेले. शिकवायला टोबिन उभा होता, कोरड्या कपड्यांत.

सभागृहात शंभरेक म्हातारेकोतारे, पातळ कॉफी, साखर भुरभुरलेले डोनट. टोबिननं एका टेबलावर लॅपटॉप ठेवला, दुसऱ्यावर तळहाताएवढी डबी.

"हा लॅपटॉप. याच्यात अख्खा देश एका नजरेत दिसतो. आदल्या दिवशी निवांत बसून रस्ता आखा, कुठे काय आवडलं ते लिहून ठेवा. पण उन्हात पडदा दिसत नाही. खिडकीला उपग्रहाचे संकेत पकडणारं बटण चिकटवा, त्याची वायर पायात घ्या. करकचून ब्रेक मारला की सगळं बायकोच्या पायावर."

"माझ्या नवऱ्याला यातलं काय घेऊ?" मागून एक आजी ओरडली. "तो माझंही ऐकत नाही आणि डबीचंही!"

"डबी घ्या, मावशी. ती न चिडता परत सांगते."

सगळे खो-खो हसले. मग तो डबीबद्दल बोलला. काचेला चिकटते, तोंडानं बोलते, नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही. मात्र तिला पुढच्या वळणापलीकडचं काही दाखवता येत नाही. आणि आपण मोटार आहोत की चौतीस फुटी घर, हे तिला ठाऊक नसतं.

"थोडक्यात," तो म्हणाला, "लॅपटॉपला दोन माणसं लागतात. डबीला एक पुरतं."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. तरी मला वाटलं, माझ्याचसाठी बोलला.

दुपारी मी आईचा लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेले. बाबा चिनारांच्या सावलीत खुर्चीत बसून गुणगुणत होते. आईचं गाणं होतं ते. वळण आलं की ती म्हणायची...

*डावीकडं नदी गं, उजवीकडं डोंगर,*
*मधोमध माझं घर चाकांवर.*

"एक टिंब आहे," मी म्हटलं. "मला एक डबी विकत द्या. ते तिच्यात घालून द्याल?"

मी लॅपटॉप उघडला. टोबिन पडद्याला पाठ करून वायर सोडवत बसला. बराच वेळ. एका वायरीला लागतो त्याहून जास्त.

"आकडे वाचून दाखवा," तो म्हणाला. "अक्षांश, रेखांश. मी डबीत टाकतो."

"तुम्हीच बघा ना. आईनं बरंच काय काय लिहून ठेवलंय. खुणाच खुणा आहेत."

"आकडे पुरेत."

"वर्ग घेता तुम्ही लॅपटॉपचा. आणि बघायला घाबरता?"

मी चेष्टेनं म्हटलं होतं. त्याच्या हातातली वायर थांबली.

"सहा वर्षांपूर्वी भाऊ गाडी चालवत होता. वेस नाव त्याचं. मी शेजारी, मांडीवर हेच. जवळचा रस्ता दाखवला मी त्याला, वीस मैल वाचत होते." तो डबीशी बोलावं तसं बोलत होता. "नकाशावर सगळे रस्ते सपाट असतात, लिनिया. तो रस्ता उतरत होता... खूप. ब्रेक तापून गेले. मी बाहेर फेकला गेलो. वेस नाही."

चिनाराची पिवळी पानं टेबलावर पडत होती. मी नुसते आकडे वाचले – हळू, एकेक. त्यानं एकेक दाबले. शेवटच्या आकड्याला माझी करंगळी त्याच्या मनगटाला लागली आणि दोघांनीही ती तशीच राहू दिली.

"तळ्यावरून आल्यावर..." तो म्हणाला.

"मग बाबांना डुलुथला सोडायचंय."

"हो. बरोबर." डबी माझ्या हातात देत तो म्हणाला, "मूठ म्हणजे थांब. लक्षात ठेवलंय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही निघालो. लॅपटॉप मी त्याच्याकडेच ठेवला. आईचे शब्द बघितले की मला गाडी चालवता येत नसे, आणि आता डबी होती. "परतताना नेईन," मी म्हटलं. त्यानं मान हलवली.

डबी गोड आवाजात बोलत होती. सरळ जा. उजवीकडे वळा. दोन तास सपाट माळ, मग चढ, मग देवदार दाट झाले आणि रस्ता अरुंद झाला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. एक पिवळी पाटी गेली. जड वाहनांनी सावकाश, असं काहीतरी. मी वेग कमी केला. तळं अजून सहा मैल, डबीनं सांगितलं. सरळ जा.

"थांब," बाबा म्हणाले.

"काय झालं, बाबा?"

"थांब म्हणते ना ती! दिसत नाही तुला? रस्त्यात उभी आहे. मूठ दाखवतेय."

रस्त्यात कुणी नव्हतं. ऊन होतं, वारा होता. पण बाबांनी स्वतःचीच मूठ काचेवर दाबून धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. मी ब्रेक दाबला. गाडी थरथरत थांबली.

उतरून वीस पावलं पुढे गेले. तिथे रस्ता नव्हताच... म्हणजे होता, पण पायांखालून निसटल्यासारखा खाली कोसळत गेलेला, वळण, वळणाखाली वळण, आणि थेट तळाशी तळ्याचा निळा तुकडा. दहा टन गाडी, ब्रेकवर माझा एकटीचा पाय. मी खाली बसले.

पुढे जाता येईना. वळवता येईना. मागे अर्धा मैल गेल्यावरच रस्ता जरा रुंद होता, पण मागे बघणारं कुणी नव्हतं आणि एका चाकाची चूक म्हणजे दरी. फोनला सिग्नल नव्हता. डबी दर मिनिटाला म्हणत होती, सरळ जा. शेवटी मी तिचं बटण दाबून तिला गप्प केलं. बाबांना पाव खायला दिला. "बेरिटला ठेव अर्धा," ते म्हणाले. मी ठेवला.

तासाभरानं मागून, आम्ही आलो त्या रस्त्यानं, इंजिनाचा आवाज आला. धुळीनं माखलेली पिकअप. टोबिन उतरला आणि गाडी थांबलेली बघून जागीच दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

"थांबलीस," तो म्हणाला. "देवा... थांबलीस तू."

"आईनं थांबवलं."

त्यानं लॅपटॉप छातीशी धरला होता. माझ्यासमोर उघडला. नऊच्या सुमारास लॅपटॉप बंद करायला म्हणून पडद्याकडे बघितलं, म्हणाला, आणि दिसलं. आईनं तळ्यापर्यंतचा रस्ता हातानं आखला होता, लाल रेघ, डोंगराला उत्तरेकडून मोठा वळसा घालून जाणारी, ऐंशी मैल जास्त. आणि आम्ही उभे होतो बरोबर तिथे तिची आणखी एक खूण होती.

"इथून कधीच नाही. ब्रेकमधून धूर. आर्विडनं माझा हात धरला नाही, चाक धरलं, म्हणून वाचलो."

"नुसतं टिंब उचललं मी," टोबिन म्हणाला. त्याच्या ओठांना रंग नव्हता. "रस्ता बघितलाच नाही. बघायची छाती झाली नाही. आणि त्यापायी तुला... तुम्हाला दोघांना..."

"टोबिन."

"दुसऱ्यांदा, लिनिया. दुसऱ्यांदा तेच केलं मी."

"नाही केलंस. आलास ना." मी त्याची बाही धरली. "आता रड नंतर. आधी मला मागे घे."

तो रडता रडता हसला, नाक पुसलं आणि मागे गेला.

अर्धा मैल. पाऊण तास लागला. आयुष्यात मी कुठल्या माणसाकडे इतका वेळ, इतकं टक लावून बघितलं नसेल. आरशात तो एवढासा. धुळीत उलटं चालत जाणारा, दरीच्या कडेला स्वतः उभा राहून मला कड दाखवणारा. उघडा पंजा – पाच फूट. उघडा पंजा – अजून पाच. तळहातावर परवा मोडका नळ दाबल्याचा लाल चट्टा होता. एकदा मागचं चाक घसरलं, खडे दरीत गेले, त्यांचा आवाज खाली जातच राहिला. तो हलला नाही. पंजा तसाच वर. मी ये म्हटल्यावर ये, एवढंच त्याचा चेहरा म्हणत होता. आणि मी येत होते. शेजारी बाबा गुणगुणत होते, डावीकडं नदी गं...

मग त्यानं मूठ मिटली. मी थांबले.

टोबिननं पिकअप कडेला लावली आणि माझ्या दाराशी आला. "उत्तरेकडचा रस्ता वाचायला कुणीतरी लागेल," तो म्हणाला.

बाबांनी पट्टा सोडला. "बस तू इथे, पोरा. मी मागे आडवा होतो. बेरिटशेजारी."

तो आईच्या खुर्चीत बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. पहिले दहा मैल त्याची बोटं पडद्याच्या कडेला घट्ट रुतलेली होती. मग म्हणाला, "पुढे उजवीकडे."

"नक्की?"

"बेरिट म्हणतेय." आणि थोड्या वेळानं, "इथे ती म्हणतेय, शेतातल्या बाईकडून जर्दाळूचा मुरंबा घ्या. आणि इथे... इथे म्हणतेय की आर्विडशी भांडण झालं, चूक माझी होती, पण त्याला सांगणार नाही."

मी इतकं हसले की डोळे भरून रस्ता दिसेना. "वाच," मी म्हटलं. "सगळं वाच."

ऊन कलताना तळं आलं. पाणी काळंनिळं, काठाला पातळ बर्फाची किनार. वारा असा की बोलणं तोंडातून उडून जावं. बाबा पाण्यापाशी जाऊन उभे राहिले. टोबिन गाडीपाशीच थांबला.

"बेरिट कुठाय?" बाबांनी विचारलं.

मी डबा त्यांच्या हातात दिला. "इथे, बाबा."

त्यांनी झाकण उघडलं. आत बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मला दिसलं – कळलं त्यांना.

"कधी?"

"एप्रिलात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं, बाबा. सत्तावीस वेळा. मग माझ्यानं होईना."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "लिनी," म्हणाले, "एकटीनं सोसलंस होय गं." मग बुटांसकट घोटाभर पाण्यात गेले. मूठभर राख घेतली. हात पाण्यावर धरला... आणि कितीतरी वेळ मूठ मिटलेलीच ठेवली. मला वाटलं, उघडणारच नाहीत. मग एकेक बोट सुटलं.

सकाळी उठल्यावर त्यांनी आईचा कॉफीचा पेला टेबलावर मांडला.

डुलुथपर्यंत तीन दिवस लागले. टोबिन आईच्या खुर्चीत होता. पिकअपचं काय, असं मी एकदाच विचारलं. ती कुठे पळतेय, म्हणाला. एकदा पेट्रोल भरताना त्यानं माझ्या केसांतली देवदाराची काटकी काढली आणि फेकली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली.

वृद्धाश्रमाच्या खोलीला सरोवराकडची खिडकी होती. मी बाबांचे सदरे कपाटात लावले. निघताना ते अदबीनं उठून उभे राहिले.

"बाई, तुम्ही माझ्या बायकोला कुठे बघितलंत का?"

'बाई' म्हणाले मला. "हो," मी म्हटलं. "तळ्याकाठी आहे."

"मग येईल," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

दिवसभर पाऊस धरलेला होता, गार, बारीक. बसच्या थांब्यापाशी मी टोबिनला उतरवलं. त्याला पिकअप आणायला जायचं होतं, मग दक्षिणेत हिवाळ्याचे वर्ग. मला कुठे जायचं होतं, कुणास ठाऊक. पाय ठेवायला हे एकच घर होतं आणि ते चाकांवर होतं.

"लॅपटॉप तुझा," त्यानं माझ्या हातात दिला. "आणि डबी काचेला आहेच. तिच्यावर आता विश्वास ठेवू नकोस फार. पण एकटीला... एकटीला तीच बरी."

"हो. एक माणूस पुरतं तिला."

"हो."

पावसाचं पाणी त्याच्या पापण्यांवर साचलं होतं. पहिल्या दिवसासारखं. मी चाकावर बसले. डबी चालू केली.

सरळ जा, ती म्हणाली.

मी निघाले. आरशात तो लहान होत गेला. त्यानं हात वर केला होता – उघडा पंजा. निरोपाचा, कुणीही देईल तसा. अजून पाच फूट. अजून पाच. मी रडत होते आणि काचेवरचे वायपर नुसते पावसाचं पाणी काढत होते.

मग आरशात, पावसापलीकडे, त्याची बोटं हलली. एक मिटलं. दुसरं. अंगठा वरून येऊन बसला. हात तसाच वर, पावसात, आणि मूठ.

सरळ जा, डबी म्हणाली. सरळ जा.

मी ब्रेक दाबला. डोळे पुसले, आरसा नीट केला, आणि गाडी मागे घ्यायला लागले.